बदख्शानची वकील
(लघुमाहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : कोकचा नदी, उंचावरून. मातकट पाणी, काठाकाठाने जाणारा कच्चा रस्ता, त्यावर एकच गाडी.]

ही कोकचा. अफगाणिस्तानच्या ईशान्य कोपऱ्यातली, बदख्शान प्रांतातली नदी. हिच्या वरच्या अंगाला, सर-ए-संगच्या डोंगरात, हजारो वर्षांपासून एक निळा दगड खणून काढतात. लाजवर्द. अजिंठ्याच्या भिंतींवर जो निळा रंग अजून टिकून आहे, तो याच मुलखातल्या दगडाचा, असं अभ्यासक मानतात. खेचरांच्या पाठीवर, तांड्यांबरोबर, खिंडीमागून खिंडी ओलांडत हा दगड आपल्या वाघूर नदीच्या काठापर्यंत आला.

[दृश्य : गाढवावर बसलेली बुरख्यातली गरोदर बाई. पुढे लगाम धरून चालणारा म्हातारा. मागे बर्फाचे सुळके. शॉट लांबवर धरावा.]

आणि याच डोंगरातली अडलेली बाळंतीण मात्र दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती.

राघ हा बदख्शानमधला एक तालुका. 1999 ते 2002 या काळात इथे किती आया बाळंतपणात दगावल्या, याची पाहणी झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे 6,507 मृत्यू. तोवर जगात कुठेच एवढा मोठा आकडा नोंदला गेला नव्हता. साधा हिशेब केला तर साधारण पंधरा बाळंतपणांमागे एक आई.

रस्ता नाही. सुईण शिकलेली नाही. डॉक्टर असलाच तर पुरुष, आणि त्याला घरात घ्यायचं नाही. ही बाई अशीच गाढवावर बसून निघते. गाव मागे पडतं, पुढचं गाव दिसत नाही.

या आकड्याचा पाठपुरावा पुढे काबूलच्या संसदेत एका बाईने केला. तिचा जन्मही याच डोंगरात झालेला.

[दृश्य : फौजिया कूफी यांचा जवळून चेहरा. डोक्यावरून घेतलेली ओढणी. नजर कॅमेऱ्याच्या बाजूला.]

फौजिया कूफी.

[दृश्य : काळी-पांढरी छायाचित्रं. राजा झहीर शाह यांच्या काळातलं काबूल. फेटेवाले प्रतिनिधी पायऱ्या चढताना.]

अफगाणिस्तानात खासदाराला 'वकील' म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द कोर्टातला वाटतो. पण पेशव्यांच्या काळातली पत्रं वाचली की कळतं, आपल्याकडेही वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी धाडलेला माणूस. धन्याच्या वतीने तिथे बसणारा, बोलणारा, तहाची कलमं ठरवणारा आणि बोलणी फिसकटली तर पहिल्यांदा कैदेत पडणारा. बदख्शानमध्ये हा शब्द जवळजवळ त्याच अर्थाने रोजच्या बोलण्यात आहे.

फौजियाचे वडील, वकील अब्दुल रहमान, पंचवीस वर्षं या डोंगराळ भागाचे वकील होते. लोक त्यांचं नाव आजही काढतात ते एका रस्त्यासाठी. अतंग्याची खिंड. हिवाळ्यात बर्फाने बुजायची, माणसं आणि घोडी दगावायची. ही खिंड फोडून रस्ता काढायचाच, असं त्यांनी काबूलच्या दरबारात लावून धरलं. तिथल्या अधिकाऱ्यांना ते अशक्य वाटत होतं. रस्ता झाला.

[दृश्य : डोंगर कापून काढलेला रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. एक ट्रक वळण घेतो. चाक अगदी कडेला.]

हा शॉट नीट पाहा. आपल्या सह्याद्रीतले जुने घाट ज्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेत, त्यांना ही छातीतली धडधड वेगळी सांगायला नको. फक्त इथे कठडा नाही. आणि खाली हिरवं काही नाही.

[दृश्य : मातीच्या भिंतींचं मोठं घर. अंगण. तंदूरवर वाकलेल्या बायका. धूर.]

वकीलसाहेबांच्या घरात सात बायका आणि तेवीस मुलं. फौजिया त्यातली एकोणिसावी. 1975 सालचा जन्म. आई बीबी जान ही दुसरी बायको. वकीलसाहेबांनी नुकतंच आणखी एक लग्न केलं होतं आणि त्या नव्या, कोवळ्या बायकोला मुलगा झाला होता. बीबी जानलाही मुलगाच हवा होता. मुलगा झाला असता तर घरातलं तिचं स्थान पुन्हा बळकट झालं असतं.

मुलगी झाली. बाळाला बाहेर उन्हात ठेवून दिलं. मरायला.

[दृश्य : रिकामं अंगण. भर दुपार. सावली सरकते. निवेदन थांबवावं. दहा सेकंद काहीही नको.]

जवळजवळ पूर्ण दिवस ते बाळ उन्हात होतं. कातडी भाजली. पण जगलं. मग आईने उचलून आत आणलं, आणि त्यानंतर कधी अंतर दिलं नाही. चेहऱ्यावरचे भाजल्याचे डाग मुलगी मोठी होईपर्यंत दिसत होते.

या आईबद्दल ऐकणाऱ्याला राग येतो. आम्हालाही आला होता. पण हीच निरक्षर आई पुढे दिरांना, सावत्र मुलांना, साऱ्या गोताला तोंड देऊन फौजियाला शाळेत घालते. त्या घरातली शाळेत गेलेली ही पहिली मुलगी. तेव्हा वडील नव्हते. 1970 च्या दशकाच्या शेवटी, देश पेटू लागला तेव्हा, सरकारने त्यांना बंडखोर मुजाहिदीनांशी बोलणी करायला धाडलं. वकीलच ते. गेले, आणि त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. फौजिया तेव्हा जेमतेम तीन वर्षांची.

[दृश्य : काबूल, 1996. रणगाड्यावर बसलेली माणसं. पांढरे झेंडे. बंद दुकानांची रांग.]

फौजियाला डॉक्टर व्हायचं होतं. काबूलला वैद्यकीय शिक्षण सुरूही झालं होतं. 27 सप्टेंबर 1996 ला तालिबानने काबूल घेतलं आणि मुलींचं कॉलेज बंद झालं. पुढे लग्न झालं. हमीद, पेशाने अभियंता. आपल्याकडे म्हणतात ना, अंगावरची हळद उतरायच्या आत, तसं झालं. लग्नाला दहा दिवस होत होते आणि तालिबान नवऱ्याला उचलून घेऊन गेले. तुरुंगात त्याला क्षय जडला. सुटून आला, दोन मुली झाल्या, पण तो आजार गेला नाही. 2003 साली हमीद वारला.

बदख्शान हा प्रांत तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्यांच्या हातात कधी पूर्ण गेला नाही. नवऱ्याला घेऊन फौजिया तिकडेच परतल्या होत्या. बदख्शानच्या राजधानीत, फैजाबादला, त्यांनी इंग्रजी शिकवलं. नंतर युनिसेफमध्ये मुलांच्या संरक्षणाचं काम केलं. त्या कामानिमित्त गावोगाव फिरल्या. घोड्यावरून, पायी, मिळेल त्या गाडीतून. राघचा आकडा जगाने 2005 साली वाचला. त्यांनी त्या आकड्यातली घरं आधीच पाहिली होती.

[दृश्य : 2005. भिंतीवर चिकटवलेली निवडणुकीची पत्रकं. दाढीवाल्या चेहऱ्यांच्या गर्दीत एका बाईचा चेहरा.]

आता हा चेहरा बघा.

2004 च्या नव्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे वोलेसी जिरगाच्या, 249 जागांपैकी 68 बायकांसाठी ठेवल्या. कागदावर फार मोठी गोष्ट. पण त्याच निवडणुकीत मतदार बाईच्या ओळखपत्रावर फोटो सक्तीचा नव्हता, कारण बाईचा फोटो परक्या पुरुषाने पाहायचा नाही. आणि उमेदवार बाईला मात्र स्वतःचा फोटो भिंतीवर लावायचा होता, बाजारात, मशिदीच्या रस्त्याला. मतपत्रिकेवर नावाशेजारी फोटो आणि एक चिन्ह, कारण वाचता येणारे थोडे. पत्रकं फाडली जायची. चेहऱ्यावर काळं फासलं जायचं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा खळ घेऊन हजर.

घरातही प्रश्न होताच. वडिलांची गादी चालवायची कुणी, भावाने की बहिणीने? अफगाण घरात या प्रश्नाला एकच उत्तर असायला हवं होतं. कूफींच्या घरात त्यावर खल झाला, वाद झाले, आणि शेवटी घराण्याने विधवा बहिणीचं नाव पुढे केलं.

[दृश्य : प्रचार. मातीच्या भिंतीला टेकून बसलेले पुरुष, हातात चहाचे पेले. समोर उभी राहून बोलणारी बाई. मग कट : आतल्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या बायका, मांडीवर पोरं.]

प्रचार दोनदा करावा लागतो. आधी पुरुषांची बैठक, मग बायकांची. बाहेर बोलायचं रस्ता, पूल, शाळा. 'वकील अब्दुल रहमानची मुलगी' ही ओळख तिथे कामी येते. पांढऱ्या दाढीचे बाबा म्हणतात, तुझ्या बापाने आम्हाला रस्ता दिला. मग आत जायचं. आत कुणी रस्ता मागत नाही. आत बायका विचारतात, सुईण कधी येणार? सुनेचं मूल आडवं आलं होतं, कुणाला बोलवायचं होतं?

आमच्या मते या दोन खोल्यांच्या मधला उंबरठा हीच या बाईची खरी राजकीय शाळा. पुरुष उमेदवाराला आतली खोली कधी दिसलीच नाही. त्याच्या मतदारसंघातली निम्मी माणसं त्याच्यासाठी भिंतीपलीकडची कुजबूज होती. कूफींनी ती कुजबूज बाहेरच्या बैठकीच्या भाषेत मांडायची हातोटी कमावली. सुईण हवी, असं बाहेर म्हटलं की माना खाली जातात. दवाखान्यापर्यंत जीप जाईल असा रस्ता हवा, असं म्हटलं की माना हलतात. मागणी एकच.

[दृश्य : 18 सप्टेंबर 2005. बायकांचं वेगळं मतदान केंद्र. बुरख्यातून बाहेर आलेला हात. बोटाला शाई.]

हे बोट. नखाच्या कडा मेंदीने लाल, वर जांभळी शाई, आणि शाईखाली तवा-तंदूरच्या चटक्यांचे जुने व्रण. कॅमेरामनने हा शॉट हातात धरून घेतलाय, म्हणून जरा हलतो. तो तसाच ठेवला आहे.

बदख्शानने फौजिया कूफींना निवडून दिलं.

[दृश्य : 19 डिसेंबर 2005. संसदेचं उद्घाटन. सभागृहाचा सावकाश फेरा.]

तीस वर्षांहून अधिक काळानंतर अफगाणिस्तानात निवडून आलेली संसद भरत होती. या बाकांवर कोण कोण बसलंय पाहा. जुने मुजाहिद सेनापती. माजी कम्युनिस्ट. तालिबानच्या राजवटीतली काही माणसं. ज्यांनी एकमेकांची गावं जाळली, ती शेजारी शेजारी. आणि त्यांच्यात 68 बायका.

कूफींनी सभागृहाच्या उपाध्यक्षपदासाठी अर्ज भरला. पहिल्यांदाच निवडून आलेली, तिशीची विधवा, मागे ना टोळी ना बंदुका. हसण्यावारी नेलं गेलं. मतं मोजली तेव्हा त्या दुसऱ्या उपाध्यक्ष झाल्या होत्या. त्या देशात या पदावर बसलेली पहिली बाई.

इथून पुढे लोक त्यांनाही 'वकीलसाहेब' म्हणू लागले.

[दृश्य : फैजाबादच्या बाहेरची मुलींची शाळा. तंबू. तंबूत फळा. बाहेर एका रांगेत काढून ठेवलेल्या चपला.]

दुर्गम भागात मुलींच्या शाळा, त्यासाठी देणग्या, खेड्यांना जोडणारे रस्ते, बाळंतिणींची सोय. ही कामं दिसणारी होती. न दिसणारं काम होतं कायद्याचं.

[दृश्य : संसदेच्या समितीची खोली. कागदांचे गठ्ठे. चष्मा पुसणारे हात.]

2009 साली राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी महिलांवरील हिंसाचाराविरुद्ध एक अध्यादेश काढला. त्यात बावीस कृत्यं गुन्हा ठरवली होती. बलात्कार. बालविवाह. मुलीला शाळेपासून अडवणं. आणि 'बाद'. दोन घराण्यांत खून पडला की भरपाई म्हणून मुलगी द्यायची, याला तिथे 'बाद' म्हणतात. जिरगा, म्हणजे गावची पंचायत, बसते, जाणती माणसं चहा पितात, निवाडा होतो, आणि आठ-दहा वर्षांची पोर वैऱ्याच्या घरी चालू लागते. तिचा गुन्हा काहीच नाही. तिच्या वतीने बोलायला त्या जिरगेत कुणी वकील नाही.

अध्यादेशाने हे बेकायदा ठरवलं. काही खटले उभेही राहिले. पण अध्यादेश म्हणजे एका माणसाची सही. उद्या दुसरा येईल, पुसून टाकेल. परदेशी फौजा 2014 मध्ये निघणार, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षही बदलणार, हे दिसत होतं. कूफी तेव्हा संसदेच्या महिलाविषयक समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी ठरवलं, याला संसदेचं शिक्कामोर्तब हवं.

चळवळीतल्याच अनेक बायकांनी हात जोडले, म्हणाल्या, हे करू नका. सभागृह आपलं नाही. चर्चेला आणलं की तिथले लोक कलमंच्या कलमं कापतील, आहे तेही जाईल. ही भीती खोटी नव्हती. 18 मे 2013 ला विषय सभागृहात आला. मौलवी आणि पुराणमतवादी सदस्य उठले, हे शरियतविरोधी आहे म्हणाले, लग्नाच्या वयाला हरकत, निराधार बायकांच्या आधारगृहांना हरकत. गदारोळ झाला. अध्यक्षांनी चर्चा थांबवली आणि मसुदा समितीकडे परत गेला.

[दृश्य : गदारोळ. उभे राहिलेले सदस्य. मागच्या बाकावर एक बाई, दोन्ही हात टेबलावर, गप्प.]

अध्यादेश लागू राहिला, पण संसदेची मोहोर त्यावर बसली नाही. कूफींनी घाई केली, असं म्हणणारे आजही आहेत. आमचं मत वेगळं आहे. बाईच्या बाबतीतला प्रश्न सभागृहात आणायला योग्य वेळ कधीच नसते. निदान त्या दिवशी कोण कोण कशाच्या बाजूने उभं राहिलं, ते देशाने पाहिलं.

[दृश्य : रस्ता. धावत्या गाडीच्या काचेतून. जलालाबादकडून काबूलकडे येणारी वळणं.]

आता पुन्हा रस्ता.

मार्च 2010. नांगरहारहून काबूलला परतताना कूफींच्या ताफ्यावर गोळीबार झाला. त्या वाचल्या. तोवर धमक्या इतक्या झाल्या होत्या की प्रवासाला निघताना त्या दोन्ही मुलींसाठी पत्र लिहून ठेवत. परत आले नाही तर काय करायचं, कुणाचं ऐकायचं, शिकायचं कसं. आईला फैजाबादला जाऊन यायचंय, एवढंच कारण पत्राला पुरत होतं.

[दृश्य : मॉस्को, फेब्रुवारी 2019. लांबलचक सभागृह. फेट्यांच्या रांगा.]

2018 च्या निवडणुकीत त्यांची उमेदवारी बाद झाली. खासदारकी गेली, वकिली राहिली. 2019 च्या फेब्रुवारीत मॉस्कोला तालिबानबरोबर अफगाण नेत्यांची बैठक झाली. सुमारे सत्तर पुरुष. बायका दोन. त्यातल्या एक फौजिया कूफी. समोर त्याच संघटनेची माणसं, जिने नवऱ्याला लग्नाच्या दहाव्या दिवशी उचलून नेलं होतं. वडिलांना बोलणी करायला धाडलं होतं आणि ते परतले नव्हते, हे ठाऊक असलेली मुलगी बोलणी करायला आली होती.

मग 29 फेब्रुवारी 2020. अमेरिका आणि तालिबान यांचा दोहा इथला करार. चार पानं. त्यात अफगाण सरकार पक्षकार नाही, आणि त्या चार पानांत 'महिला' हा शब्द एकदाही येत नाही.

[दृश्य : परवानहून काबूलकडे येणारा रस्ता. काराबाग. दुतर्फा द्राक्षमळे.]

14 ऑगस्ट 2020. कूफी परवानहून परतत होत्या. बरोबर बहीण. काराबागजवळ बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. एक गोळी कूफींच्या उजव्या हाताला लागली. तालिबानने हात झटकले.

[दृश्य : दोहा, 12 सप्टेंबर 2020. वाटाघाटींचं उद्घाटन. मग अगदी जवळून : टेबलावर टेकलेला प्लास्टरमधला हात. बोटं तेवढी बाहेर. शेजारी पेन. हा शॉट पूर्ण चालू द्यावा.]

एका महिन्याच्या आत हा हात या टेबलावर आहे.

तालिबानशी बोलणाऱ्या काबूलच्या चमूत एकवीस जण. त्यात चार बायका. फौजिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी, शरीफा झुरमती. पलीकडच्या बाजूला एकही नाही.

[दृश्य : पुणे. वसतिगृहाची खोली. एका मुलीचे हात, चेहरा नाही. हातात अफगाण ओळखपत्र.]

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. अफगाणिस्तानात बाईचं नाव परक्यासमोर घेत नाहीत. लग्नपत्रिकेवर नवरीचं नाव नाही, थडग्यावर मृत बाईचं नाव नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाव आलं म्हणून मार खाल्लेल्या बायका आहेत. 'माझं नाव कुठे आहे', असं विचारत तरुण मुलींनी काही वर्षं मोहीम चालवली होती. सप्टेंबर 2020 मध्ये कायदा बदलला आणि 'तझकिरा'वर, म्हणजे ओळखपत्रावर, वडिलांबरोबर आईचंही नाव घालायला मान्यता मिळाली. महाराष्ट्र सरकारने आईचं नाव कागदपत्रांवर बंधनकारक केलं ते 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांसाठी. 

पुण्यात अनेक वर्षं अफगाण विद्यार्थी येत आहेत. हे हात त्यांतल्याच एकीचे. ओळखपत्र जुनं आहे, त्यावर आईचं नाव नाही. नवं काढायला ती घरी जाणार होती.

[दृश्य : काबूल, 15 ऑगस्ट 2021. विमानतळ. आवाज मूळचाच ठेवावा, निवेदन नको.]

[दृश्य : महिला मंत्रालयाची इमारत. पाटी उतरवतात. दुसरी पाटी चढते.]

तालिबानने काबूल पुन्हा घेतलं. महिला मंत्रालयाच्या जागी सदाचार आणि दुराचार-प्रतिबंध मंत्रालय आलं. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद. डिसेंबर 2021 मध्ये फर्मान निघालं, 72 किलोमीटरच्या पुढे बाईने घरच्या पुरुषाशिवाय प्रवास करायचा नाही. पुण्याहून निघालं तर हे अंतर खंडाळ्याच्या आसपास संपतं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठं बंद. डिसेंबर 2024 मध्ये सुईणीचं आणि परिचारिकेचं शिक्षणही बंद.

[दृश्य : राघच्या वाटेवरची ती बाई, गाढवावर. सुरुवातीचाच शॉट.]

कूफी ऑगस्ट 2021 च्या अखेरीस देशाबाहेर पडल्या. तेव्हापासून परदेशातून बोलतात. राष्ट्रसंघात, परिषदांमध्ये, ऐकेल त्याच्यासमोर.

[दृश्य : दोहा, 30 जून 2024. सभागृह. लांब टेबल, झेंडे, पाण्याच्या बाटल्या.]

पुन्हा दोहा. संयुक्त राष्ट्रांनी बोलावलेली बैठक. सुमारे पंचवीस देशांचे दूत आहेत. तालिबानचे प्रतिनिधी आले आहेत. विषय आहेत व्यापार आणि अमली पदार्थ. अफगाण बायकांची भेट वेगळी ठेवली आहे, ही बैठक संपल्यावर, दुसऱ्या दिवशी.

कॅमेरा आता डावीकडून उजवीकडे जाईल. अफगाणिस्तानच्या नावाची पाटी आली की खुर्च्या मोजा.

[दृश्य : पाटी. खुर्च्या. काळोख.]